विमान उडवायचे नसेल, तेव्हा ते जमिनीवर कोणी आणि कसे चालवावे

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात विमान देखभाल अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणासाठी ज्या हँगरमध्ये जाते, तेथे चार आसनांचे सेसना 172 जातीचे विमान आहे. दुरुस्तीनंतर इंजिनाची चाचणी घेण्यासाठी ते हँगरपासून रन-अपच्या जागेपर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालवत न्यावे लागते. आमचे वरिष्ठ अभियंते ते स्वतः नेतात, पण त्यांच्याकडे वैमानिकाचा परवाना नाही. हे नियमात बसते का? उड्डाण करायचेच नसेल, तर कोणते नियम पाळावे लागतात? आणि ब्रेक तपासण्यासाठी धावपट्टीवर वेगाने धाव घेतली तर चालते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, परंतु त्या होकाराला चार अटी आहेत आणि त्या चारही पूर्ण झाल्याखेरीज तो होकार लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात, आणि त्याच्याच आधारे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, लिहिलेल्या आवश्यकतांच्या आठव्या विभागात असे सांगितले आहे की, विमानतळाच्या हालचाल क्षेत्रात विमान टॅक्सी करताना, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर जमिनीवर चालवताना, नियंत्रणावर बसलेल्या व्यक्तीला विमानचालक संस्थेने किंवा तिच्या नियुक्त प्रतिनिधीने रीतसर अधिकार दिलेला असला पाहिजे. ती व्यक्ती ते विमान टॅक्सी करण्यास पूर्णपणे सक्षम असली पाहिजे. तिला रेडिओवरील संभाषणाची पात्रता असली पाहिजे. आणि त्या विमानतळाची रचना, मार्ग, फलक, खुणा, दिवे, नियंत्रण कक्षाच्या सूचना व त्यांची ठरलेली भाषा यांचे शिक्षण तिला जाणकार व्यक्तीकडून मिळालेले असले पाहिजे. या चार अटींत वैमानिकाच्या परवान्याचा उल्लेख नाही. युरोपीय नियमांतही हीच रचना आहे: एकतर पात्र वैमानिक, नाहीतर संस्थेने नेमलेली आणि याच विषयांचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. डीजीसीएचा हा मजकूर मुख्यतः व्यापारी वाहतुकीसाठी लिहिलेला आहे, परंतु लहान विमानांच्या हँगरमध्येही हीच मोजपट्टी लावावी असे माझे ठाम मत आहे, कारण पंख्याचे पाते विमान कोणत्या वर्गातले आहे हे पाहत नाही.

आता या अटी कागदावर जितक्या सरळ वाटतात तितक्या प्रत्यक्षात नसतात. रीतसर अधिकार म्हणजे "साहेबांनी सांगितले, घेऊन जा" असे नव्हे. देखभाल संस्थेच्या नोंदीत त्या व्यक्तीचे नाव, विमानाचा प्रकार आणि कोणत्या कामासाठी अधिकार दिला आहे हे लिहिलेले असावे लागते. माझ्या कामाच्या काळात मला सर्वाधिक आढळलेला गैरसमज हा की, ज्याला इंजिन चालवण्याचा अधिकार आहे त्याला विमान चालवण्याचाही अधिकार आपोआप मिळतो. तसे होत नाही. इंजिनाची चाचणी घेताना विमान चोक, म्हणजे चाकांना अडवणारे ठोकळे, लावून जागेवर उभे असते आणि आपले सारे लक्ष तेलाचा दाब, तापमान, इंजिनाला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो यांकडे असते. टॅक्सी करताना विमान हलत असते आणि लक्ष खिडकीच्या बाहेर असावे लागते. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि अभियंत्याचा परवाना यांपैकी दुसरे शिकवत नाही. विमानाचे ब्रेक उघडून त्यातील प्रत्येक भाग ओळखणाऱ्या माणसाला पायाच्या टाचा जमिनीवर आणि पंजे पॅडलच्या खालच्या भागावर ठेवून वळण घ्यायचे असते, हे ठाऊक नसू शकते. म्हणून तुमच्या वरिष्ठांबाबत विचारायचा प्रश्न "परवाना आहे का" हा नसून "टॅक्सीचे लेखी अधिकारपत्र आहे का आणि ते कोणाकडून शिकले" हा आहे. तो प्रश्न आदराने विचारल्यास कोणत्याही चांगल्या अभियंत्याला राग येणार नाही.

रेडिओच्या अटीचा अर्थ आपल्याकडे आर.टी.आर., म्हणजे विमानातील रेडिओ वापरण्याचा, परवाना असा घेतला जातो. परीक्षेत त्याला फार महत्त्व येते, परंतु कामाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियंत्रण कक्षाने काय सांगितले ते समजणे आणि जसेच्या तसे परत म्हणून दाखवणे. त्याविषयी पुढे लिहितो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. टॅक्सी म्हणजे विमानाने विमानतळाच्या पृष्ठभागावर स्वतःच्या शक्तीने केलेली हालचाल, उड्डाण आणि अवतरण वगळून. टो बार, म्हणजे पुढच्या चाकाला जोडायचा ओढदांडा, लावून, ट्रॅक्टरने ओढत किंवा हाताने ढकलत नेणे म्हणजे टॅक्सी नव्हे, आणि त्याचे नियम निराळे आहेत. शाळेत असताना मी हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर ग्लायडर हाताने ढकलत विंचच्या, म्हणजे त्यांना दोराने खेचून हवेत सोडणाऱ्या यंत्राच्या, दोरापाशी नेताना पाहायला जात असे. पंखाच्या टोकाला धरून चालणारा मुलगा साऱ्या हालचालीचा ताल सांभाळायचा. इंजिन सुरू न करता काम भागत असेल तर भागवावे, ही सवय मला तेथून लागली. हँगरच्या दारापासून रन-अपची जागा पन्नास पावलांवर असेल, तर सेसना टो बारने ओढत नेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. मात्र पुढचे चाक मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना तीस अंशांपेक्षा अधिक वळवू नये, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी टो बार काढून तो डोळ्यांना दिसेल अशा जागी ठेवावा.

आता हेतूचा मुद्दा पाहू, कारण न उडता टॅक्सी करण्याचे सारे कायदेशीर स्वरूप त्यावर उभे आहे. परवान्यासाठी मोजला जाणारा उड्डाणकाळ विमान उड्डाण करण्याच्या हेतूने पहिल्यांदा हलते तेव्हापासून सुरू होतो आणि उड्डाणाच्या शेवटी ते थांबते तेव्हा संपतो. तुम्ही रन-अपसाठी विमान नेले आणि परत आणले, तर त्यातील एक मिनिटही कोणाच्या वैमानिक-नोंदवहीत उड्डाण म्हणून लिहिता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार अपघात म्हणजे उड्डाणाच्या हेतूने कोणी विमानात चढल्यापासून सर्वजण उतरेपर्यंतच्या काळात घडलेली घटना, म्हणून केवळ चाचणीसाठी नेलेले विमान भिंतीवर आदळले तर ते त्या व्याख्येत बसत नाही. त्याचा अर्थ ते कमी गंभीर आहे असा काढू नये. तपास होतोच, जबाबदारी ठरतेच, केवळ तिचा मार्ग बदलतो. विम्याच्या बाबतीतही असेच आहे: प्रचलित विमा करारांत जमिनीवर उभे असणे, टॅक्सी करणे आणि उड्डाण ही वेगवेगळी जोखीम मानली जाते, आणि उड्डाणाची सुरुवात विमान उड्डाणासाठी किंवा उड्डाणाच्या प्रयत्नात पुढे सरकते त्या क्षणापासून धरली जाते. म्हणून आज कोणत्या हेतूने विमान हलवत आहोत, हे कामाच्या कागदावर आधी लिहावे आणि मगच चढावे.

परंतु हेतू कागदावर लिहिल्याने विमानाला तो कळत नाही. या विषयावर बोलताना मी नेहमी 22 जुलै 1966 या दिवसाची हकीकत सांगतो, कारण ती एका अभियंत्याची आहे. इंग्लंडमधील लायनम येथील हवाई दलाच्या तळावर विंग कमांडर वॉल्टर होल्डन हे एका लायटनिंग लढाऊ विमानातील विजेच्या बिघाडाचा शोध घेत होते. ते अभियांत्रिकी अधिकारी होते आणि लहान प्रशिक्षण विमानांपलीकडे त्यांचा उड्डाणाचा अनुभव नव्हता. वापरात नसलेल्या धावपट्टीवर थोडे अंतर पुढे जायचे, ब्रेक लावायचा, पुन्हा पुढे जायचे, असा चाचणीचा बेत होता. एका खेपेला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पुढच्या खाचेत, म्हणजे जादा जोर देणाऱ्या आफ्टरबर्नरच्या स्थितीत, जाऊन अडकले आणि तेथून मागे येईना. विमान मुख्य धावपट्टी ओलांडून, इंधनाच्या टँकरला आणि उड्डाण करत असलेल्या एका मोठ्या विमानाला चुकवून पुढे गेले, आणि समोर जागा संपत आल्यावर होल्डन यांना ते हवेत न्यावे लागले. कॉकपिटचे काचेचे झाकण काढलेले होते, डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, आणि बाहेर फेकणाऱ्या आसनाच्या सुरक्षा पिना लावलेल्या असल्याने बाहेर उडी घेण्याचा मार्गही बंद होता. सुमारे बारा मिनिटांनी, तिसऱ्या प्रयत्नात, त्यांनी ते सुखरूप उतरवले. ते विमान आज डक्सफर्डच्या संग्रहालयात उभे आहे. ही हकीकत शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि शौर्य त्यात आहेच. पण मी ती नियोजनासाठी सांगतो. विमान उडू नये अशी इच्छा त्या दिवशी सर्वांची होती, परंतु ते उडू शकणार नाही अशी व्यवस्था कोणीही केलेली नव्हती. टॅक्सीचा प्रत्येक नियम ही व्यवस्था करण्यासाठी आहे, असे समजून वाचला तर तो पाठ करावा लागत नाही.

अशी व्यवस्था विमान हलण्यापूर्वी सुरू होते. इंधन, तेल, टायर, ब्रेकचे द्रव, नियंत्रणपृष्ठांचे कुलूप काढलेले आहे का, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरचे आवरण कोठे आहे, हे उड्डाणासाठी जसे पाहतो तसेच पाहावे. बदललेल्या किंवा उघडलेल्या भागांवरचे लाल फितीचे तुकडे आणि अवजारे मोजून बाहेर आलेली असावीत. विमान हलू लागताच, म्हणजे पहिल्या एक-दोन मीटरमध्येच, थ्रॉटल मागे घेऊन दोन्ही बाजूंचे ब्रेक तपासावेत. ब्रेकचे काम करून आलेल्या विमानात तर ही तपासणी मोकळ्या जागेकडे तोंड करूनच करावी, समोर हँगरची भिंत किंवा दुसरे विमान असताना नव्हे. इंजिन चालू असेपर्यंत, आणि सुरू करण्याच्या बेतात असतानाही, लाल चमकता दिवा लावलेला असावा, म्हणजे भोवतीच्या माणसांना पंखा फिरणार आहे हे कळते. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत एका प्रवासी विमानाच्या पुशबॅकच्या, म्हणजे ते जागेवरून मागे ढकलण्याच्या, वेळी त्याच्या सुरू असलेल्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. विमान धावपट्टीजवळही पोहोचलेले नव्हते.

जमिनीवर दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली तर काय करायचे, याचे नियम त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि ते थोडक्यात असे. समोरासमोर आल्यास दोघांनी थांबावे, किंवा शक्य असेल तेथे दोघांनी उजवीकडे वळून पुरेसे अंतर ठेवावे. मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. मागून ओलांडणाऱ्याने बाजूने सुरक्षित अंतर ठेवावे, कारण पुढच्याचा हक्क पहिला. उड्डाण करणाऱ्या किंवा करण्याच्या बेतात असलेल्या विमानाला टॅक्सी करणाऱ्याने नेहमीच वाट द्यायची असते. पुण्याच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने एक लक्षात ठेवावे की, आपण डावीकडून चालतो, पण विमान बाजूला घेताना उजवीकडे घेतले जाते. नवशिक्याचा हात सवयीने डावीकडे जातो.

खुणांचा रंग लक्षात ठेवणे सोपे आहे. पिवळ्या रेषा टॅक्सीवेच्या, म्हणजे टॅक्सी करण्याच्या मार्गाच्या, पांढऱ्या धावपट्टीच्या. लाल फलकावर पांढरी अक्षरे म्हणजे आज्ञा: येथून पुढे परवानगीशिवाय जायचे नाही. काळ्या फलकावरची पिवळी अक्षरे तुम्ही कोठे आहात ते सांगतात, आणि पिवळ्या फलकावरची काळी अक्षरे मार्ग कोणीकडे जातो ते सांगतात. धावपट्टीपूर्वीच्या थांब्यावर चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा तुमच्या बाजूला असतील तर थांबायचे. टॅक्सी करणाऱ्या विमानाने अशा प्रत्येक थांब्यावर थांबलेच पाहिजे, नियंत्रण कक्षाने तो ओलांडण्याची परवानगी दिली नसेल तर. जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची आडवी ओळ पेटलेली असेल, तर ती विझल्यावरच पुढे जायचे. रेडिओ बंद पडला तर टॉवरकडे पाहावे. जमिनीवरील विमानाला दाखवलेला लुकलुकता हिरवा प्रकाश म्हणजे टॅक्सीची परवानगी, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे वापरात असलेल्या धावपट्टीपासून बाजूला व्हा, आणि लुकलुकता पांढरा म्हणजे जेथून निघालात तेथे परत जा. स्थिर हिरवा प्रकाश उड्डाणाच्या परवानगीचा असतो. तो तुमच्यासाठी नाही आणि चुकून दिसला तरी तो तुमचा नाही.

आता रेडिओविषयी. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, नागरी टर्मिनल त्याच्या एका बाजूला आहे, आणि हवाई वाहतुकीचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची एकच मुख्य धावपट्टी लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने वाटून घेतात. अशा ठिकाणी चाचणीसाठी विमान हलवायचे असेल, तर नियंत्रकाला पहिल्याच वाक्यात सांगावे लागते की, हे विमान उड्डाणासाठी नाही, केवळ टॅक्सीसाठी किंवा इंजिन चाचणीसाठी आहे, अमुक जागेपासून अमुक जागेपर्यंत जायचे आहे आणि नंतर परत यायचे आहे. हे सांगितले नाही, तर नियंत्रक तुम्हाला उड्डाणाच्या रांगेत धरतो आणि त्याच्या मनातील चित्र चुकीचे होते. धावपट्टीवर शिरणे, ती ओलांडणे, तिच्याअलीकडे थांबणे आणि तिच्यावरून उलट दिशेने जाणे यांविषयीची प्रत्येक सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणे बंधनकारक आहे. "समजले" किंवा "रॉजर" एवढ्यावर भागत नाही.

नेमक्या शब्दांचे महत्त्व किती आहे, हे 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर पुन्हा दिसले. तटरक्षक दलाच्या एका विमानाला उड्डाणाच्या क्रमात तुमचा पहिला क्रमांक आहे असे सांगून थांब्यापर्यंत टॅक्सी करण्याची सूचना मिळाली होती. ते विमान थांब्यावर न थांबता धावपट्टीवर गेले आणि उतरणाऱ्या प्रवासी जेटची त्याच्याशी धडक झाली. प्रवासी विमानातील सर्व 379 जण बाहेर पडले, परंतु तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. धुक्याविषयी बोलायचे तर 8 ऑक्टोबर 2001 चे मिलानचे लिनाते विमानतळ आठवावे. एक लहान बिझनेस जेट सांगितलेल्या टॅक्सीवेऐवजी दुसऱ्याच टॅक्सीवेवरून निघाले आणि उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वाटेत येऊन पोहोचले. 118 माणसे गेली. तेथील जमिनीवरचे रडार बंद होते आणि खुणा पुरेशा नव्हत्या, हे खरे आहे. पण आपण नक्की कोठे आहोत याची खात्री नसेल तर थांबायचे आणि तसे सांगायचे, हा नियम रडार असो वा नसो, लागू आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धूसर हवा असते तेव्हा मी चाचणीची टॅक्सी पुढे ढकलत असे. चाचणीला कोणतेही वेळापत्रक नसते. उड्डाणाला उशीर झाला तर प्रवासी खोळंबतात. चाचणी दोन तास पुढे गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

हातांच्या कामाकडे वळतो. वेगाचा आकडा नियमात दिलेला नाही. लहान विमान वर्दळीच्या जागी भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यावे, म्हणजे पंखाशेजारी चालणाऱ्याला पळावे लागू नये. मोठी प्रवासी विमाने सरळ टॅक्सीवेवर वीस-तीस नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) जातात आणि काटकोनी वळणावर दहा नॉटपर्यंत येतात. तो त्यांचा विषय आहे, त्याचे अनुकरण करू नये. वेग कमी करताना आधी थ्रॉटल, मग ब्रेक. थ्रॉटल पुढे ठेवून ब्रेकने आवर घालणारा माणूस ब्रेक तापवतो आणि ज्या क्षणी ते हवे असतात त्या क्षणी त्यांची ताकद कमी झालेली असते. सेसना 172 चे पुढचे चाक पॅडलने सुमारे दहा अंश वळते आणि एका बाजूचा ब्रेक दाबल्यास तीस अंशांपर्यंत वळते, म्हणून वळण आधीपासून आखावे लागते. खडीच्या जागी थ्रॉटल वाढवू नये, कारण उडालेला खडा पात्याला टवका पाडतो.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करणे ही न उडणाऱ्यांची खास चूक आहे. उडायचे नाही, तर वाऱ्याचा काय संबंध, असे त्यांना वाटते. परंतु सेसनाचे पंख वरच्या बाजूला असतात, विमान हलके असते, चाचणीच्या वेळी आत एकच माणूस आणि थोडेसे इंधन असते, आणि वारा पंखाखाली शिरला तर तो पंख उचलायला परवानगी मागत नाही. वारा समोरून तिरका येत असेल, तर नियंत्रणचक्र वाऱ्याकडे वळवावे आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरचा वर-खाली हलणारा पृष्ठभाग, मध्यावर ठेवावा. वारा मागून तिरका येत असेल, तर चक्र वाऱ्यापासून दूर वळवावे आणि पुढे दाबावे. शेपटीखाली चाक असलेल्या विमानांत समोरच्या वाऱ्याला एलिव्हेटर मागे ओढलेला ठेवतात, म्हणून विमान बदलले की सवय बदलावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर पूर्वेकडे ढग काळे होऊ लागले आणि मातीचा वास आला, की पुण्याच्या माणसाला वळीव कळतो. त्या वेळी हलके विमान बाहेर नेऊ नये, आणि नेलेले असेल तर परत आणण्याची घाई न करता वाऱ्याकडे तोंड करून, चोक लावून, दोर बांधून ठेवावे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. एका विमानतळावर, संस्थेचे नाव येथे आवश्यक नाही, मी एक प्रशिक्षण विमान रन-अपहून परत आणत होतो. हँगरसमोर अग्निशामक नळकांड्यांची ढकलगाडी रोज जेथे असे त्यापेक्षा दोन मीटर पुढे कोणीतरी आणून ठेवली होती. डाव्या बाजूला मी पाहत होतो. उजव्या बाजूला एक शिकाऊ मुलगा उभा होता आणि त्याने हात हलवला, तो मी "या" असा समजलो. तो "थांबा" म्हणत होता. पंखाच्या टोकाचा दिवा फुटला आणि टोकाचे आवरण चिरले. नुकसान थोडे होते, परंतु त्यानंतर पंखाची तपासणी, कागदपत्रे आणि अहवाल यांत आठवडा गेला, आणि त्या मुलाला आपली चूक झाली असे वाटून तो कितीतरी दिवस नीट बोलला नाही. चूक त्याची नव्हती. ठरलेले हातवारे मी त्याला शिकवले नव्हते, आणि ज्याला ते येत नाहीत त्याला पंखाशेजारी उभे करण्याचा अधिकार मला नव्हता. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळल्या: सुरू करण्यापूर्वी पंखाजवळच्या माणसाकडून थांबण्याची खूण करून घ्यायची, म्हणजे दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली करायची, आणि हँगरच्या दारापासून पंखाच्या लांबीएवढे अंतर राहिले की इंजिन बंद करायचे आणि उरलेले अंतर हाताने ढकलायचे. सेसना 172 च्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी अकरा मीटर आहे. ते अंतर चार माणसे दोन मिनिटांत पार करतात.

रन-अपच्या जागी पोहोचल्यावर टॅक्सी संपते, पण धोका संपत नाही. 15 नोव्हेंबर 2007 रोजी फ्रान्समधील तुलूझ येथे एका नव्या एअरबस ए340 विमानाची, ते ग्राहकाला देण्यापूर्वी, इंजिन चाचणी चालू होती. चारही इंजिने मोठ्या शक्तीवर होती, चाकांना चोक नव्हते, विमान केवळ पार्किंग ब्रेकवर उभे होते. ते सरकू लागले आणि काही सेकंदांत समोरच्या भिंतीवर चढले. आतील नऊ जणांपैकी काही गंभीर जखमी झाले आणि विमान निकामी झाले. तपासातील सर्वांत विचार करायला लावणारी नोंद ही की, नियंत्रणावरील व्यक्तीचे सारे लक्ष ब्रेककडे गेले आणि इंजिनांची शक्ती कमी करणे तिला त्या क्षणी सुचले नाही. म्हणून मी शिकणाऱ्यांकडून इंजिन बंद असताना एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेत असे: विमान सरकले असे मी म्हणताच उजवा हात थ्रॉटल मागे घेईल, आणि तरीही सरकत असेल तर मिक्श्चर, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारी मूठ, ओढून इंजिन बंद करील. विचाराच्या आधी हात जायला हवा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ब्रेक तपासण्यासाठी धावपट्टीवर वेगाने धाव घेण्याच्या प्रश्नाचे, उत्तर नाही असे आहे, आणि ते मी कोणत्याही सवलतीशिवाय देतो. ब्रेक धरतात की नाही हे टॅक्सीच्या साध्या वेगात कळते. अधिक वेगाची तपासणी निर्मात्याच्या पुस्तकात सांगितली असेल, तर ती परवानाधारक वैमानिकाने, उड्डाणयोग्य ठरवलेल्या विमानात, पूर्ण धावपट्टी मागून करावी, कारण अशी धाव कोणत्याही क्षणी उड्डाण होऊ शकते. सेसना 172 चे पुढचे चाक उड्डाणासाठी सुमारे पंचावन्न नॉटला उचलतात, आणि एकच माणूस व थोडे इंधन असलेले विमान त्याहून कमी वेगात हलके होते. 20 जानेवारी 1974 रोजी अमेरिकेत वायएफ-16 या लढाऊ विमानाची वेगवान टॅक्सी चाचणी चालू असताना ते डोलू लागले, शेपटीचा भाग धावपट्टीला घासला, आणि जमिनीवर ठेवणे अधिक धोक्याचे वाटल्याने चाचणी वैमानिक फिल ऑस्ट्रायकर यांनी ते हवेत नेले; अधिकृत पहिले उड्डाण त्यानंतर 2 फेब्रुवारीला झाले. 2 नोव्हेंबर 1947 रोजी हॉवर्ड ह्यूज यांचे प्रचंड लाकडी समुद्री विमानही पाण्यावरच्या टॅक्सी चाचणीसाठी म्हणून निघाले आणि सुमारे एक मैल हवेत गेले. त्या दोन्ही वेळी नियंत्रणावर उडवता येणारा माणूस बसला होता, म्हणून दोन्ही विमाने परत खाली आली. तुमच्या हँगरमध्ये ज्याला विमान उतरवता येत नाही, त्याने ते उचलले जाऊ शकेल अशा वेगाच्या जवळही नेऊ नये. माझ्या विमानांसाठी मी ही मर्यादा पुढचे चाक उचलण्याच्या वेगाच्या निम्म्याहून खाली ठेवली होती, आणि अधिकारपत्रावर तो आकडा लिहून देत असे.

एवढे सारे पाळून विमान परत जागेवर आले, की इंजिन मिक्श्चरने बंद करावे, मॅग्नेटो बंद करून किल्ली समोरच्या काचेखाली, बाहेरून दिसेल अशी ठेवावी, आणि चोक लागल्याची खूण मिळेपर्यंत पार्किंग ब्रेक सोडू नये. त्यानंतर कामाच्या कागदावर लिहावे: किती वाजता हलवले, कोणी हलवले, कोणाच्या अधिकाराने, कोठून कोठे, इंजिन किती वेळ चालले आणि काय आढळले. पुढच्या खेपेला तुमचे वरिष्ठ विमान नेतील तेव्हा उजव्या आसनावर बसण्याची परवानगी मागा आणि थांब्याच्या रेषा, वाऱ्याची दिशा व परत म्हटलेल्या सूचना वहीत टिपत जा. अशा वीस-पंचवीस खेपा झाल्यावर, अधिकारपत्रासाठी अर्ज करताना, ती वही सोबत जोडा.